बीड बघितल्यावर बोलू

बीडला चालले आहे असं सांगितल्यावर पुण्यात पहिला प्रश्न आला, "कुणाचं लग्न?" दुसरा आला, "मग परळी करून येणार असशील, नाहीतर अंबाजोगाई." नातं असेल तर जायचं, देव असेल तर जायचं, नुसतं बीड बघायला कुणी जात नाही. खरं सांगायचं तर मीही बीड बघायला गेले नव्हते. मी नसरीनला परत आणायला गेले होते. बीड तिने मला बघायला लावलं.

आधी नसरीन कोण ते सांगते. माझं बालपण इचलकरंजीत गेलं. वडील यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत होते. घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. जेवताना ताटाखाली पत्रक, फडताळात कागदाऐवजी पत्रक, आणि मी वाचलेले पहिले शब्द 'कामगार बंधूंनो'. त्यामुळे जगात काही चुकीचं दिसलं की त्यावर दोन पानं छापून वाटायची, एवढंच मला येतं. पुण्यात शिकायला आले तेव्हा वसतिगृहाच्या खोलीत नसरीन भेटली. बीडच्या फळवाल्याची मुलगी. आम्ही दोघींनी मिळून 'चिमटा' काढायला सुरुवात केली. दर महिन्याला दोन पानं. लिहायचं मी आणि कापायचं तिने. ती माझी विशेषणं अशी उडवायची की मला रडू यायचं. "मुक्ता, तुझं वाक्य म्हणजे मोर्चा आहे," ती म्हणायची, "कुणीच बोलत नाही, सगळे नुसते ओरडतात." शिक्षण संपलं, 'चिमटा' चालू राहिला. एक खोली, एक लॅपटॉप, आणि जे काही खायला मिळेल त्याचे दोन भाग. वडापाव असो की पेरू, मी मोडायची आणि मोठा अर्धा कुणाचा यावर आमचं भांडण व्हायचं.

मग तिच्या अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ती गावी गेली. "पंधरा दिवसांत येते," म्हणाली होती. त्यानंतर उन्हाळा गेला, पावसाळा गेला. फोनवर "बघू" म्हणायची. 'चिमट्या'चे मधले अंक मी एकटीने काढले. ते वाचून आमचा एक जुना वाचक म्हणाला, "आवाज वाढलाय, म्हणणं कमी झालंय." त्या रात्री मी बीडचं तिकीट काढलं. ती आली नाही तर 'चिमटा' बंद करायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं.

कोतवाली वेस

बीडच्या जुन्या तटबंदीचं आता फार काही उरलेलं नाही. काही वेशी तेवढ्या उभ्या आहेत, आणि त्यांच्या कमानींखालून मोटारसायकली, शेळ्या, शाळेच्या मुली आणि सिलिंडरचे टेम्पो एकाच वेळी जायचा प्रयत्न करत असतात. कोतवाली वेशीच्या अलीकडे, सावली बघून लावलेल्या गाड्यांच्या रांगेत मला नसरीन दिसली. दसरा होऊन गेला होता. बालाघाटच्या डोंगरात सीताफळं पिकली होती आणि सगळ्या बाजाराला त्यांचा वास होता. तिच्या गाड्यावर सीताफळांच्या तीन पाट्या होत्या, तिन्हींवर हिरवा पाला. डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, बाह्या वर सारलेल्या. मी समोर उभी राहिले, पण ती गिऱ्हाइकाशी बोलत होती.

"कधी खायचं, मामू?"

"आज. रातच्याला."

"किती जण?"

"मी, बायकू, आन् सासू आलीय."

"सासूला कसं पायजे?"

"तिला कसंबी दे बाई, ती नावं ठेवनारच हाय."

नसरीनने पहिल्या पाटीतून तीन फळं उचलली, तळहातावर नुसती तोलली आणि पाल्यात गुंडाळून दिली. मग माझ्याकडे बघितलं. हसली. पण पुण्यात हसायची तसं नाही. दारात पाहुणा आल्यावर हसतात, तसं.

"आलीस?"

"आले."

माझं बोट सवयीने एका फळाकडे गेलं. आमच्याकडे फळ घ्यायचं म्हणजे आधी दाबून बघायचं. तिने माझ्या हातावर फटका मारला.

"दाबू नको. आज दाबशील, उद्या तिथंच काळं पडंल."

मग तिने मला पाट्या समजावून सांगितल्या. पहिली आजची, दुसरी उद्याची, तिसरी परवाची. सीताफळ झाडावर पिकू देत नाहीत. डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या रेघा पिवळट झाल्या, की काढतात. मग ते घरी पिकतं, आपल्या दिवशी. म्हणून इथे फळ विकणारा आधी दोनच गोष्टी विचारतो, कधी खायचं आणि किती जण. त्याशिवाय पाटीला हात लावत नाही. घरातल्या माणसांनासुद्धा विचारतात. नसरीनची आत्या रोज स्वतःसाठी एक फळ न्यायला यायची. तिलाही नसरीन रोज विचारायची आणि आत्या रोज चिडायची. "माझ्या घरात कोन वाढलंय का रातीत?"

"नसरीन, मला बोलायचंय," मी म्हणाले.

"बोलू की. बीड बघितल्यावर बोलू."

"मी बीड बघायला नाही आले."

"म्हनूनच म्हनतेय. सहा वर्सं सांगतेय तुला, आमचं गाव बघायला ये. तू आलीस कावून, तर मला न्यायला. आधी बघ. मग बोलू."

पुण्यात ती माझ्याइतकीच छापील मराठी बोलायची. इथे चार वाक्यांत तिची भाषा घरी परतली होती. मला ती ऐकायला गोड वाटली, आणि त्याच वेळी नकोशीही.

कंकालेश्वर

तिचं घर वेशीच्या आतल्या गल्लीत. दोन खोल्या आणि अंगण. अंगणातल्या खाटेवर अब्बा. उजवा हात मांडीवर ठेवलेला, तोंड जरासं एका बाजूला, पण डोळे जागे. मला बघून म्हणाले, "बेटी, तुमचा चिमटा आमी वाचतो. लई झोंबतो." रात्री तिथेच झोपले. सकाळी अम्मींनी खिचडी-खट्टा केला होता. खिचडीवर चिंच-तिळाचं आंबट कालवण ओतायचं आणि खायचं. आमच्याकडे खिचडी आजाऱ्याला देतात, इथे कामाला निघणाऱ्या माणसाला देतात. मला तो खट्टा इतका आवडला की तिसऱ्यांदा वाढून घेतला. पण समोर नसरीन नव्हती. ती उजाडायच्या आधीच लिलावाला गेली होती. मी तिच्या घरात, तिच्या आईच्या हातचं, तिच्या जागेवर बसून खात होते आणि ती घरात नव्हती.

मग एकटी निघाले. अब्बांनी ठरवून दिलं होतं, पहिलं कंकालेश्वर.

शहराच्या पूर्वेला एका चौरस कुंडात, चारी बाजूंनी पाणी, आणि मधे हे काळ्या दगडाचं देऊळ उभं आहे. यादवांच्या काळातलं म्हणतात. मी गेले तेव्हा पाणी हिरवट होतं आणि पायऱ्यांवर दोन म्हातारे फुकटच्या गप्पा मारत बसले होते. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर कोरीव काम आहे. ते बघत प्रदक्षिणा घालताना मी थबकले. हातात शस्त्र घेतलेल्या बायका. आरसा धरलेल्या नाहीत, पायातला काटा काढणाऱ्या नाहीत. लढायच्या तयारीत उभ्या. हवेने, पाण्याने त्यांची नाकं झिजली आहेत, पण हात शाबूत आहेत.

मी जवळजवळ ओरडलेच. वळून बाजूला बघितलं, "नसरीन, हे बघ," म्हणायला. बाजूला कुणी नव्हतं. एक म्हातारा म्हणाला, "काय झालं, बाई? साप हाय का?"

"नाही. या बायका बघा ना."

"त्या हायेत तिथंच," तो म्हणाला. "कुटं जात्यात?"

मी फोटो काढून नसरीनला पाठवला. खाली लिहिलं, 'यांच्यावर अख्खा अंक काढू.' दुपारी तिच्याकडून अंगठा आला. नुसता अंगठा.

परतताना बिंदुसरेचा पूल लागतो. नदी शहराच्या मधोमध वाहते. 'वाहते' हा शब्द मी उदारपणे वापरतेय. काठावर प्लास्टिक, कोंबड्यांची पिसं, जुन्या गाद्या. हीच नदी वर पालीजवळ धरणात अडवलेली आहे. तिथलं पाणी गावाने प्यायचं आणि खाली आल्यावर त्याच नदीत गावाने कचरा टाकायचा. पाण्याच्या मधे देऊळ बांधणाऱ्या शहराला हे शोभत नाही. आणि शोभण्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी याच्या काठावर कुणाची घरं आहेत ते बघा. पूर आला की आधी कुणाच्या चुली विझतात ते बघा. मी पुलावर उभी राहून मनात अख्खं पत्रक लिहिलं. चांगलं लिहिलं. नसरीनने त्यातली निम्मी वाक्यं काढली असती, आणि मग ते जास्त चांगलं झालं असतं.

खजाना विहीर

दुसऱ्या दिवशी खजाना विहीर. गावाबाहेर काही मैलांवर, सोलापूरच्या रस्त्याला. रिक्षावाल्याने मला सोडलं आणि म्हणाला, "परत कशी जाशील, ताई? हितं रिक्षा लौकर घावत न्हाई." मी म्हणाले बघू. नसरीनचा शब्द माझ्या तोंडात आला होता.

विहीर प्रचंड आहे, गोल, आणि आत उतरायला पायऱ्या. पाण्याच्या वर आतून फिरता येईल असा दगडी कट्टा आहे. आत गेल्यावर वरचा रस्ता, ट्रक, ऊन, सगळं एकदम थांबतं. जमिनीखालच्या दगडी नळांनी पाणी आत येतं आणि तसंच एका नळाने खालच्या शेतांना जातं. ना मोट, ना पंप. निजामशाहीच्या काळात, शेकडो वर्षांपूर्वी केलेला उतार अजून काम करतोय. सांगतात की दुष्काळातही हिचं पाणी आटत नाही.

वर एक बाई शेळ्या घेऊन आली होती. जरा थोराड, नाकात मोठी नथनी, कमरेला खोचलेली कुऱ्हाड. कठड्यावरून वाकून तिने मला हाक मारली.

"ए पोरी! जीव द्यायला आलीस का?"

"नाही हो, बघायला आले."

"बघायला एकलीच? वर ये, वर ये. लोकं काय म्हन्तील, मी हितं असताना पोरगी गेली."

तिचं नाव रखमाबाई. जवळच्याच वस्तीवरची, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं आणि शेळ्या राखणाऱ्यांपैकी. मी वर आले तोवर तिने फडकं सोडलं होतं. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा. आमच्याकडच्या ठेच्यात मिरची बोलते, इथे शेंगदाणा बोलतो आणि मिरची मागून येऊन मारते. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. रखमाबाई खूश झाली.

"हिला खजाना कावून म्हन्त्यात ठावं हाय का तुला?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगायला लागली. "हितला सरदार व्हता. त्यानं राजाला खजाना धाडायचा व्हता. त्यानं समदा पैका हिच्यात घातला. राजाची मानसं आली, म्हन्ली, खजाना कुटंय? सरदार म्हन्ला, चला दावतो. आनलं हितं. म्हन्ला, ह्यो बगा."

"मग राजा काय म्हणाला?"

"काय म्हननार? पानी पिला आसंल."

गोष्ट सुंदर आहे आणि मला तिचा राग आला. सरदाराचं नाव पुस्तकांत आहे. हा नळ जमिनीखाली कोणी खणला, कोणत्या पाथरवटाने, कोणत्या वडाराने, त्याचं नाव कुठेच नाही. मी हे रखमाबाईला सांगितलं. जरा मोठ्या आवाजात सांगितलं असणार, कारण एक शेळी लांब गेली.

"बरं," ती म्हणाली. "तुला नावं लागत्यात. मला पानी लागतं." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "सोबतीन न्हाई का तुला कुनी?"

"आहे ना. ती फळांच्या गाड्यावर असते. तिला वेळ नाही."

"मंग तू कावून फिरतीस? तू बी बस की तिच्या गाड्यावर."

मी हसले. जे मला सुचलं नव्हतं ते ऐकून हसूच आलं. रखमाबाई हसली नाही. ती शेळ्यांमागे निघून गेली आणि मी रस्त्याच्या कडेला रिक्षाची वाट बघत उभी राहिले. बराच वेळ उभी होते. समोरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाने मला विचारलं, कुणाची वाट बघताय. मी दर वेळी म्हणाले, रिक्षाची.

दाताची कबर

तिसऱ्या दिवशी मी हट्टाने गेले, कारण अब्बांनी सांगितलेली गोष्ट मला खरीच वाटेना. दिल्लीचा एक सुलतान दख्खनच्या स्वारीत बीडजवळून जात होता. त्याचा दात दुखत होता. इथे तो दात पडला. सुलतानाने तो समारंभाने पुरला आणि त्यावर कबर बांधली. जवळच्या करजनी गावाच्या टेकडीवर ती अजून आहे.

"दाताची?" मी विचारलं होतं.

"दाताची," अब्बा म्हणाले. "मानसाची नसंल इतकी."

टेकडी चढून गेले. दगडी, पडकं, एकाकी बांधकाम. आजूबाजूला वाळलेलं गवत, लांब बालाघाटची रांग, वारा. एका दातासाठी इतका दगड. मी तिथे बसून मनातल्या मनात भाषण केलं. हुकूमशहांच्या दातांवर, मजुरांच्या हातांवर, कुणाला कबर मिळते आणि कुणाला नाही यावर. ऐकायला वारा होता. भाषण संपलं. मग मला एकदम हसू आलं, आणि हसू आल्यावर जास्त वाईट वाटलं. कारण ही जगातली सर्वात हास्यास्पद इमारत होती आणि ती बघून माझ्याबरोबर लोळून हसणारं एकच माणूस मला माहीत होतं. ते त्या क्षणी कुणाला तरी विचारत असणार, कधी खायचं, किती जण.

चांगली गोष्ट एकट्याने बघितली की ती अर्धीच बघून होते. प्रवासावर लिहिणारे हे सांगत नाहीत. एकट्याने फिरण्याचं फार कौतुक करतात.

उतरताना चपलेचा अंगठा तुटला. खाली पत्र्याच्या टपरीत मोटारसायकली दुरुस्त करणारा एक तरुण होता. त्याने तांब्याच्या तारेने अंगठा बांधून दिला. "फटफटीसारखी पळंल आता," म्हणाला. मी कबर बघायला आले होते हे कळल्यावर त्याने शेजारच्याला हाक मारली. "सल्या, बघ बे, दात बघायला पुन्याहून आल्यात!" दोघांनी मला चहा पाजला. अख्खा कप. मी सवयीने म्हणून गेले, "एकात दोन करा." मग मीच म्हणाले, नको, राहू दे.

गाडा

त्या दिवशी दुपारी थेट गाड्यावर गेले. "बघून झालं," मी म्हणाले. "आता बोल."

"टेकडीवरचा शहेनशाहवली दर्गा राहिला."

"नसरीन."

"अब्बाच्या गोळीची वेळ झालीय. येते. तू थांब हितं. कुनी आलं तर आजचं आजच्यातून, उद्याचं उद्याच्यातून. दाबू नको." ती गल्लीत गेली.

मी जन्मात काही विकलेलं नव्हतं. पत्रकंसुद्धा मी फुकट वाटते. पण उभी राहिले. पहिल्या पाटीतला पाला बाजूला केला तर फळं फुटायला आलेली. खवले सुटलेले, आतला पांढरा गर दिसणारा. मला वाटलं, सडली. असलं फळ गिऱ्हाइकाच्या माथी मारणं हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटलं. रस्त्यावरून दोन शेळ्या चालल्या होत्या. मी ती सगळी त्यांना घातली. मग एक बाई आली. घाईत होती. घरी पाहुणे येणार होते, सीताफळाची बासुंदी करायची होती. मी तिला तिसऱ्या पाटीतली देखणी, टणक, हिरवी फळं निवडून दिली. इतकी चांगली फळं इतक्या प्रामाणिकपणे बाजारात कुणी दिली नसतील.

नसरीन परत आली आणि पहिल्या पाटीकडे बघत राहिली.

"आजची कुटं गेली?"

"सडली होती. शेळ्यांना दिली."

तिने कपाळावर हात मारला नाही, ओरडली नाही. आधी तिचा चेहराच थांबला. तेवढ्यात ती बासुंदीवाली बाई परत आली. हातात चिरलेलं सीताफळ, दगडासारखं.

"अगं ए! ही बासुंदी करायची का भिंत बांधायची?" तिने ते फळ गाड्यावर आपटलं. त्याचा आवाज आला. "आन् ही कोन बसवलीस? हिला कुनी नेमली?"

"पुन्याची हाय, काकू," नसरीन म्हणाली. "लई शिकलीय."

"दिसतंच हाय!"

आणि नसरीन हसली. पोट धरून, गाड्याच्या दांडीवर वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मीही हसले. ती बाईही. शेजारच्या केळीवाल्याने विचारलं, "काय झालं बे?" आणि कुणालाच सांगता येईना. आठ महिन्यांत पहिल्यांदा आम्ही दोघी एकाच गोष्टीला हसत होतो. नसरीनने शेजारच्या गाड्यावरून आजची फळं उसनी आणून त्या बाईला दिली आणि मग आम्ही दोघी गाड्यामागच्या खोक्यावर बसलो.

"चल ना परत," मी म्हणाले. "अम्मी आहेत. गाडा कुणालातरी चालवायला दे. तू इथे स्वतःला पुरून घेतेयस."

"पुरून?" ती म्हणाली. हसू अजून ओठांवर होतं, पण डोळ्यांत नव्हतं. "पैल्या दिवशी मी लिलावात बोली लावली ना, तर समदे गप्प झाले. एक जन म्हन्ला, बाप्या मानसाला पाठव. मी पुन्ना बोली लावली. तिसऱ्यांदा लावली तवा त्यांनी माल दिला. बायांनी बाजारात बसावं म्हनून तू पत्रक काढलंतंस, मुक्ता. मी कापलंतं ते. मी बसले तर तुला वाईट कावून वाटतंय?"

"कारण तू अजून चांगलं काहीतरी करू शकतेस."

"तू त्या पत्रकात आसं लिवलं न्हवतं."

लिहिलं नव्हतं, हे खरं. पण तिचं सगळं पटलं असंही नाही, आणि ते इथे लपवून ठेवणार नाही. मला अजूनही वाटतं की एका मुलीचं शिक्षण आणि लेखणी एका घराच्या आजारपणाला पुरावी लागणं, ही त्या घराची निवड नसते. उपचार, आधार, माणूस, यांतलं काही बाहेरून मिळत नाही म्हणून घरातली एक मुलगी उचलून ती भोकं बुजवली जातात. मी तिला हेही म्हणाले.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "हे लिही. येवढं मोठ्यांदा न्हाई, पन लिही." मग ओढणीने तोंड पुसलं. "आन् तरीबी मला गाडा आवडतो, मुक्ता. हे बी खरं हाय. दोन्ही खरं हाय."

"म्हणजे येणार की नाही?"

समोर गिऱ्हाईक आलं. ती उठली. "उद्या सांगते," म्हणाली.

बसस्थानक

दुसऱ्या दिवशी माझी बस होती. सकाळी मी राहिलेला दर्गा बघून आले. तिथून सगळं बीड दिसतं. देवळाचं कुंड, वेशी, मिनार, नदीची रेघ, पत्र्यांची छपरं. वर आलेली एक आई मुलीला बोटाने घर दाखवत होती. मीही नसरीनचं घर शोधलं. सापडलं नाही.

अब्बांनी निरोप देताना डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "हितं किती राज्यं आली, बेटी. देवगिरीचं, दिल्लीचं, नगरचं, हैदराबादचं. आली आन् पानी पिऊन गेली. तू बी आलीस. पानी पिलीस ना?"

"प्यायले, अब्बा."

नसरीन सोडायला आली. हातात पुठ्ठ्याचं खोकं, सुतळीने बांधलेलं. बस लागलेली होती. मी खिडकीजवळ बसले, ती खाली उभी राहिली आणि खोकं वर दिलं.

"पाल्याच्या थरात लावलीत," ती म्हणाली. "वरचं आज. त्याच्या खालचं उद्या. मग परवाचं. तळातलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. उन्हात ठेवू नको. फ्रिजात तर मुळीच नको."

मी सुतळी जराशी सरकवून पाला उचलला. वरच्या थरात एकच फळ होतं. पाल्याखाली हात घातला. दुसऱ्या थरातही एकच. मी पुढे हात घातला नाही.

तीन दिवस मी तिला गाड्यावर बघितलं होतं. मामूला विचारलं, आत्याला विचारलं, घाईतल्या, भांडणाऱ्या, उधारीवाल्या प्रत्येकाला विचारलं. विचारल्याशिवाय तिने पाटीला हात लावला नव्हता.

"नसरीन," मी म्हणाले, "मला विचारलं नाहीस. किती जण खाणार."

तिने खिडकीचा गज धरला होता. वर बघितलं.

"इचारायला पायजे व्हतं?"

कंडक्टरने घंटी दिली. तिने गज सोडला नाही. बस हलली तशी चार पावलं बरोबर चालली आणि मग हात सुटला. मागे वळून बघितलं तर ती स्थानकाच्या फाटकातून बाहेर पडत होती, भराभर, गाड्याच्या दिशेला. दुपारची गर्दी सुरू व्हायची वेळ होती.

'चिमटा' मी बंद केला नाही. पुण्यात आल्यावर पहिली दोन पानं लिहिली ती खजाना विहिरीवर आणि बिंदुसरेवर. लिहून झाल्यावर तिने काढली असती ती वाक्यं मी शोधत बसले. काही सापडली, काही नाही. वाक्यं कशी कापायची हे तिने मला कधी शिकवलं नव्हतं. शिकायची गरज पडेल असं दोघींनाही वाटलं नव्हतं.

फळं तिने सांगितली त्याच दिवशी पिकली. एकही आधी नाही, एकही उशिरा नाही. तळातलं शेवटचं फळ मी जेवल्यानंतर घेतलं. अंगठ्याचा भार पडायच्या आधीच ते उघडलं. मी मोठा अर्धा ताटलीत काढून समोर सरकवला आणि मगच माझा खायला सुरुवात केली.